मारा: रिझर्व्ह की कॉन्झर्व्हन्सी? आणि पैसे नक्की कुणाला मिळतात?

केळफूल

ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात केनियाला जायचं घाटतंय. मी, नवरा, बारा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई (वय ७१, गुडघे बरे, उत्साह आम्हा तिघांपेक्षा जास्त). इथले जुने धागे चाळले, पण सगळे "क्रॉसिंग दिसलं का" आणि "कुठली लेन्स न्यावी" इथेच अडलेत, म्हणून नवा काढते.

दोन कोटेशनं आलीत. एक मुंबईच्या टूर कंपनीचं: नैरोबी, नाकुरू, मारा, अंबोसेली, सगळं गाडीने, माऱ्यात रिझर्व्हच्या, म्हणजे सरकारी राखीव क्षेत्राच्या, सेकेनानी गेटजवळच्या लॉजवर मुक्काम, रात्री वरण-भात नक्की. दुसरं रिझर्व्हबाहेरच्या नाबोईशो कॉन्झर्व्हन्सीतल्या (म्हणजे लोकांच्या जमिनीवर राखलेलं रान) एका कॅम्पचं: नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोटं विमान, मोजकेच तंबू, आणि किंमत वाचून नवऱ्याने कागद माझ्याकडे सरकवला, बोलला काहीच नाही.

या दुसऱ्या माहितीपत्रकात पानोपानी लिहिलंय की जमीन मासाई (तिथला गुरं पाळणारा समाज) कुटुंबांच्या मालकीची आहे आणि तुमच्या मुक्कामाचे पैसे थेट त्यांना जातात. मला सरळ विचारायचंय, हे खरं असतं का? की आपल्याकडच्या ‘सेंद्रिय’ गुळासारखं, नाव छापलं की दर वाढला? दुसरी शंका: मारा नदी तर रिझर्व्हमध्ये आहे. कॉन्झर्व्हन्सीत राहिलो तर विल्डबीस्टचं (मोठ्या कळपांनी फिरणारी हरणांच्या जातीची जनावरं) नदी ओलांडणं, म्हणजे ते क्रॉसिंग, हुकेल का? एवढ्या लांब जाऊन ते राहिलं तर मुलगा आयुष्यभर ऐकवेल.

उंटावरचा_शहाणा

"समुदाय" म्हटलं की दर दुप्पट, हा जगभरचा कायदा आहे. कॅम्पचा मालक कुठला, मॅनेजर कुठला आणि तंबूत गरम पाण्याची बादली कोण आणतं, एवढं बघा म्हणजे मालकी कुणाची ते कळेल. त्यापेक्षा ताडोबाच्या बफरला जा आणि उरलेल्या पैशांत घराला रंग काढा.

नैरोबीचा_नाना

शहाणे, जरा उंटावरून उतरा. बादली कोण आणतं हा प्रश्न चुकीचा नाही, पण खालची जमीन कुणाची हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. नैरोबीत बरीच वर्षं आहे, आमचा धंदा पाण्याच्या पंपांचा, त्यामुळे नारोकच्या बाजूला सारखं जाणं-येणं असतं. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, मासाई मारा हे राष्ट्रीय उद्यान नाही. ते नॅशनल रिझर्व्ह आहे आणि नारोक काउंटीच्या, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा सरकारच्या ताब्यात आहे. साधारण १,५१० चौरस किलोमीटर. त्यातला नदीपलीकडचा मारा ट्रँगल २००१ पासून एक ना-नफा संस्था काउंटीच्या वतीने सांभाळते, आणि तिथली शिस्त बाकी रिझर्व्हपेक्षा उजवी आहे. गेटवर तुम्ही भरता ती फी काउंटीच्या तिजोरीत जाते. पूर्वी त्यातला १९ टक्के वाटा आजूबाजूच्या मासाई गटांना द्यायचा असं ठरलेलं होतं. तो किती पोचला आणि वाटेत कुणाकुणाच्या खिशात थांबला, यावर नारोकच्या कुठल्याही हॉटेलात आजही भांडण लागू शकतं.

आता रिझर्व्हच्या उत्तरेची आणि पूर्वेची जमीन. ती सरकारी जंगल नाही, मासाईंची आहे. (ब्रिटिशांनी १९०४ च्या कराराने त्यांना रिफ्ट खोऱ्यातून आणि १९११ च्या कराराने उत्तरेच्या लायकिपियातूनही उठवून दक्षिणेकडे ढकललं, ती जखम वेगळी.) १९६८ च्या कायद्याने इथे ‘ग्रुप रँच’ झाले, म्हणजे शेकडो कुटुंबांची सामाईक मालकी. पुढे वाटण्या सुरू झाल्या. कोयाकी रँचमध्ये एकेकाच्या नावावर साधारण दीडशे एकर आले, नकाशा झाला, कागद हातात पडला. सातबारा नावावर झाला की माणूस काय करतो ते आपल्याला सांगायला नको. कुंपण घालतो, नांगरतो, नाहीतर विकतो. नारोककडच्या लोइता पठारावर त्याआधीच मोठमोठे गव्हाचे पट्टे झाले होते, आणि तिथे पावसाळ्यात येणारे विल्डबीस्टचे स्थानिक कळप त्यातच आटले.

त्यात केनियाची एक गोम. १९७७ पासून शिकारीला बंदी आणि वन्यप्राणी सरकारचा. म्हणजे तुझ्या दीडशे एकरांत दोनशे झेब्रे चरले तर गवत तुझं गेलं, झेब्रा सरकारचा. फायदा शून्य. १९७७ ते २०१६ या काळात केनियाच्या कुरणांवरचे वन्यप्राणी सरासरी ६८ टक्क्यांनी घटले, असं सरकारी हवाई गणनेच्या आकड्यांवरून संशोधकांनी मांडलंय. शिकारबंदी असताना घटले. लोक विचारतात कसे काय, तर असे.

कॉन्झर्व्हन्सी म्हणजे या प्रश्नावर काढलेला सौदा. शेजारशेजारच्या शंभर-पाचशे मालकांनी आपापले तुकडे न कुंपण घालता एकत्र ठेवायचे, आपलं घर आणि गोठा त्या पट्ट्याबाहेर हलवायचा, आणि कॅम्पवाल्यांनी मिळून सगळ्या जमिनीचं एकरी भाडं द्यायचं. ओल किनयेई २००५ मध्ये झाली, ओलारे ओरोक २००६, मारा नॉर्थ २००९, नाबोईशो २०१०. नाबोईशोचे सुमारे ५०,००० एकर आणि पाचशेवर मालक आहेत. भाडं ज्याच्या नावावर जमीन त्याच्या बँक खात्यात, ठरलेल्या दराने, पर्यटक आले नाहीत तरी. या शेवटच्या चार शब्दांत सगळं आहे. गेटच्या फीतून टक्का मिळणं ही सरकारची मेहेरबानी. भाडं चुकलं तर मालक उद्या कुंपण घालू शकतो, आणि हे कॅम्पवाल्याला चांगलं ठाऊक असतं.

केळफूलताई, तुमचा कागद महाग का, तर भाडं पूर्ण जमिनीचं आणि तंबू मोजकेच. नाबोईशोसारख्या ठिकाणी सातशे एकरांमागे एक तंबू असा हिशेब आहे. ते पाचशे मालकांचं भाडं मूठभर पाहुण्यांच्या बिलातून निघतं.

शहाण्यांचा मुद्दा उरतोच: बरेच कॅम्प बाहेरच्या भांडवलावर चालतात, नफा तिकडे जातो. खरं आहे. जमीन मासाईंची, धंदा बहुतांशी दुसऱ्यांचा.

लेन्सवाला

नानांनी जमिनीचं सांगितलं, मी जनावरांचं सांगतो.

ऑगस्टमध्ये शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून विल्डबीस्ट माऱ्यात आलेले असतात. पूर्ण चक्रात तेरा लाखांच्या घरात विल्डबीस्ट आणि दोनेक लाख झेब्रे. नदी ओलांडण्याचे जे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत ते खरे, फक्त कॅमेऱ्याच्या मागे काय असतं ते कुणी दाखवत नाही. काठावर गाड्यांची दुहेरी-तिहेरी रांग, इंजिनं चालू, कळप काठाशी येतो, बुजतो, माघारी फिरतो. तासन्‌तास. एखादा ड्रायव्हर जागा पकडायला नको तिथे गाडी घालतो आणि कळपाची उतरायची वाटच बंद होते. मग मागच्या गाडीतले आपलेच लोक ओरडतात, "अहो, उतरत का नाहीयेत?"

कॉन्झर्व्हन्सीत ही मजा नाही, कारण नदीचे ते घाट तिथे नाहीत. पण सिंह, चित्ता, बिबट्या, हत्ती, जिराफ भरपूर. तिथे राहणाऱ्यांच्याच गाड्या आत असतात. सिंहीण आणि तिची पिल्लं समोर आणि आपण धरून दोन गाड्या, असं वारंवार होतं. रात्रीची फेरी आणि पायी फिरणं रिझर्व्हमध्ये चालत नाही, इथे चालतं. रात्री लाल दिव्यात तरसांची धावपळ आणि कांगारूसारखा उड्या मारत जाणारा सशाएवढा स्प्रिंगहेअर पाहिला की मुलगा क्रॉसिंग विसरेल. पायी फिरताना मासाई वाटाड्या शेण, ठसे, मुंग्यांची वारुळं, कुठल्या झाडाची काडी दातांना, सगळं दाखवतो. सासूबाईंना हेच सगळ्यात आवडेल, पैज.

चित्त्यांबद्दल मात्र गंभीरपणे. फेम्के ब्रूखाउस यांचा २०१८ चा माऱ्यातला अभ्यास आहे. पर्यटकांची गर्दी असलेल्या भागात चित्त्याच्या मादीच्या एका वेतामागे सरासरी ०.२ बछडी मोठी झाली, कमी गर्दीच्या भागात २.३. दहापटीहून जास्त फरक. चित्ता दिवसा शिकार करतो, गाड्यांनी घेरला की शिकार सुटते, मारलेली हरणं तरस पळवतात, पिल्लं उपाशी. रिझर्व्हमध्येही एका प्राण्याभोवती पाचच गाड्या असा नियम आहे, पाळला जातो असं म्हणवत नाही. आपल्या ड्रायव्हरला "जवळ घे, अजून जवळ" म्हणणारे आपणच असतो, आणि तो बक्षिसीवर जगतो.

ताडोबावाली

चंद्रपूर जिल्ह्यात गावांबरोबर काम करते, त्यामुळे ‘घर आणि गोठा बाहेर हलवायचा’ हे वाक्य वाचून थांबले. नाना, तीन गोष्टी सांगाल का?

पट्टा रिकामा केला तर गुरं चरतात कुठे? मासाईंची सगळी पत गुरांवर आहे ना? ज्यांना वाटणीत जमीनच मिळाली नाही त्यांच्या हातात या सौद्यातून काय पडतं? आणि कागदावर नाव कुणाचं, बाईचं असतं का? आमच्याकडे पुनर्वसनाचे पैसे पुरुषाच्या खात्यात गेले आणि सहा महिन्यांत दारात मोटरसायकल उभी राहिली, धान्याची कणगी मात्र रिकामी, हे पाहिलेलं आहे.

नैरोबीचा_नाना

ताई, नेमक्या जागी बोट ठेवलंत.

गुरांचं आधी. सुरुवातीच्या काळात कॉन्झर्व्हन्सीत गुरं नकोच असा कॅम्पवाल्यांचा आग्रह होता, पाहुण्याला फोटोत गाय नको असते. परिणाम काय, तर गुरं आसपासच्या गर्दीच्या जमिनीवर कोंबली गेली, किंवा रात्री गुपचूप रिझर्व्हमध्ये शिरायला लागली. रात्री सिंह जागा असतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये रिझर्व्हमधल्या सिंहांच्या प्रसिद्ध मार्श कळपावर विषप्रयोग झाला, गाय मारल्याच्या रागाने मांसात कीटकनाशक घातलं होतं. सिंह मेले, आणि अशा वेळी गिधाडंही जातात, ती कुणी मोजत नाही. आता बहुतेक कॉन्झर्व्हन्सींनी पाळीपाळीने चराई सुरू केली आहे. पट्ट्याचे भाग पाडायचे, एक भाग गुरांना खुला, बाकीचे राखायचे, महिन्या-दोन महिन्यांनी बदल. गाईंनी उंच गवत खाऊन आखूड केलं की कोवळ्या फुटव्यावर हरणं येतात, म्हणजे नुकसान कुणाचंच नाही. दुष्काळात राखलेलं गवत मालकांच्याच गुरांना खुलं होतं. २०२२ चा दुष्काळ फार वाईट होता, केनियात लाखोंनी गुरं गेली. तेव्हा राखलेल्या गवताची किंमत भाड्यापेक्षा जास्त होती असं एका म्हाताऱ्या मासाईने मला सांगितलं, आणि त्याला पंप विकायला गेलो होतो मी, तो काही प्रचार करत नव्हता.

तरी नियम मोडल्यास दंड असतो, आणि दंडावरून कुरबुरी चालूच असतात. हे माहितीपत्रकात नसतं.

जमीन नसलेल्यांचं उत्तर कमकुवत आहे. रेंजरच्या, कॅम्पच्या नोकऱ्या, मुलांना शिष्यवृत्ती, पाण्याचं टाकं. नाबोईशोत २००५ पासून मासाई तरुणांना गाइड बनवणारी कोयाकी शाळा आहे आणि तिथून निघालेले गाइड आज माऱ्यातल्या उत्तम गाइडांत मोडतात, मुलीसुद्धा. पण नोकरी म्हणजे मालकी नव्हे. आणि हो, कागदावर बहुतांशी पुरुषच. बायकांकडे मण्यांचं काम येतं. सौद्यातली ही बाजू लंगडी आहे, त्यावर पांघरूण घालत नाही.

‘पर्यटक आले नाहीत तरी’ याची परीक्षा २०२० मध्ये झाली. मार्चमध्ये विमानं थांबली, कॅम्प बंद. बऱ्याच ठिकाणी मालकांनी काही काळ कमी भाड्यावर मान डोलावली, उरलेलं कर्जं आणि देणग्यांवर निभावलं. सौदा मोडला नाही. पण सगळी अंडी पर्यटनाच्या टोपलीत आहेत हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

पिठलंभाकरी

वाचतेय, फार छान चाललंय. एक बाळबोध प्रश्न: सिंहाने गाय मारली तर कोण भरून देतं? आणि मासाई मुलं सिंह मारल्यावर मोठी समजली जायची ना, ते अजून आहे का?

नैरोबीचा_नाना

बाळबोध नाही, सगळा खेळ तिथेच आहे. २०१३ च्या वन्यजीव कायद्यात माणूस दगावला तर ५० लाख शिलिंग भरपाई लिहिली आहे. लिहिली आहे असं म्हणतो, कारण मिळायला लागणारा वेळ विचारू नका. म्हणून काही ठिकाणी खासगी निधी उभे राहिले. अंबोसेलीजवळच्या म्बिरिकानीत २००३ पासून गुरांमागे ठरावीक भरपाई दिली जाते, पण गुराख्याची हयगय असेल तर रक्कम कापतात, आणि त्या भागात कुणी सिंह मारला तर सगळ्यांचीच भरपाई अडते. शेजारीच शेजाऱ्यावर लक्ष ठेवतो.

मोरान, म्हणजे तरुण योद्धे, आणि सिंहाची शिकार: कायद्याने बंद, आणि वडीलधाऱ्यांनीही बऱ्याच भागांत बंद केली. २००७ च्या सुमारास अंबोसेलीत ‘लायन गार्डियन्स’ सुरू झाले, त्यात हेच मोरान पगारावर सिंहांचा माग काढतात आणि "आज त्या बाजूला गुरं नेऊ नका" असं गुराख्यांना सांगतात. सिंह मारून मिळणारा मान सिंह ओळखून मिळायला लागला. २०१२ पासून तिथे मासाई ऑलिंपिक भरतं, भालाफेक, उंच उडी, धावणं. ८०० मीटरचा विश्वविक्रमवीर डेव्हिड रुडिशा, स्वतः मासाई, त्याचा पाठीराखा.

आणि तरीही. २०२३ च्या मे महिन्यात अंबोसेलीजवळ लूनकितो नावाचा १९ वर्षांचा सिंह गोठ्यात शिरला आणि भाल्यांनी मारला गेला. जंगली सिंहाच्या मानाने हे वय अफाट. त्याच आठवड्यात त्या भागात एकूण दहा सिंह मेले. दुष्काळ सरून पाऊस झालेला, हरणं विखुरलेली, लोकांकडे उरलेली चार जनावरं. ज्याच्या गोठ्यात अकरा शेळ्या मेल्या त्याला मान-सन्मानाच्या गोष्टी सांगणं अवघड असतं.

उपाय साधे असतात ते टिकतात. काटेरी कुंपणाच्या गोठ्याला, बोमाला, जाड जाळी. नैरोबी उद्यानाच्या कडेला राहणाऱ्या रिचर्ड टुरेरे या मुलाने अकरा-बारा वर्षांचा असताना जुन्या मोटारीची बॅटरी आणि मोटरसायकलचा इंडिकेटर जोडून उघडझाप करणारे दिवे गोठ्याभोवती लावले. सिंहाला वाटतं कुणीतरी कंदील घेऊन फिरतंय. ते आता बऱ्याच ठिकाणी पोचलेत.

हिशेबनीस

मी फक्त आकड्यांचं बोलतो. २०२४ पासून मारा रिझर्व्हची फी परदेशी प्रौढांना जानेवारी ते जून १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर, दर माणशी दर दिवशी. ९ ते १७ वयाला ५० डॉलर. तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६.

केळफूल, तुमचे तीन प्रौढ आणि एक मुलगा, म्हणजे ऑगस्टमध्ये दिवसाला ६५० डॉलर नुसती गेटची. टूर कंपनीच्या कोटेशनात बारीक अक्षरांत ‘प्रवेश शुल्क वगळून’ असं आहे का ते बघा. माझ्या मेहुण्याच्या बाबतीत एका कंपनीने तेच केलं होतं आणि गेटवर उभं राहून कार्ड घासावं लागलं. कॉन्झर्व्हन्सीची फी बहुधा कॅम्पच्या दरात धरलेली असते, पण तिथून एक दिवस नदीवर जायचं तर रिझर्व्हचे ६५० वेगळे. दोन्ही कागद या पद्धतीने मांडले की फरक दिसतो तेवढा राहत नाही. राहतो, पण झोप उडेल इतका नाही.

उंटावरचा_शहाणा

नाना, मान्य, भाडं हे मेहेरबानीपेक्षा बरं. पण सगळं गोड गोड नको. सेरेंगेटी १९५१ मध्ये उद्यान झालं आणि १९५९ मध्ये तिथल्या मासाईंना शेजारच्या न्गोरोंगोरोकडे हलवलं, "इथे तुम्हाला राहता येईल" असं सांगून. आता न्गोरोंगोरोतूनही ‘स्वेच्छेने’ निघा म्हणतात. २०२२ च्या जूनमध्ये सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलियोंदोत १,५०० चौरस किलोमीटर जमीन राखीव करायला सीमेचे खांब रोवले, पोलीस आणि लोकांची झटापट झाली, एक पोलीस गेला, कितीतरी मासाई जखमी होऊन सीमा ओलांडून तुमच्या नारोकात आले. तेच विल्डबीस्ट, तेच मासाई, सीमेच्या पलीकडे. तिथे कुणाचं भाडं? बारा तासांची सफारी करून आलेल्या आपल्या मंडळींना यातलं काही माहीत असतं का?

नैरोबीचा_नाना

नसतं. आणि यावर मी वाद घालणार नाही. टांझानियात जमीन सरकारची, लोकांना फक्त वहिवाट, म्हणून खांब रोवता आले. नारोकात कागद लोकांच्या नावावर आहे म्हणून भाडं द्यावं लागतं.

वाळवंटी

कागद नावावर नसतानाही जमू शकतं, त्याचं उदाहरण नामिबिया. नोकरीनिमित्त तिथल्या राजधानीत, विंडहूकला होते, सुट्ट्या बहुतेक कुनेने भागात गेल्या, म्हणून लिहिते.

१९८० च्या सुमारास त्या वायव्य वाळवंटी पट्ट्यात दुष्काळ आणि चोरटी शिकार दोन्ही एकदम आलं. हत्ती, काळे गेंडे संपत आले. तेव्हा गार्थ ओवेन-स्मिथ यांनी तिथल्या गावप्रमुखांबरोबर बसून गावातलेच राखणदार नेमायचं ठरवलं. पगार नावाला, मुख्यतः शिधा. त्यात पूर्वी शिकार केलेलेही होते, त्यांना वाटा माहीत. प्रमुखांचा अधिकार चालला, कारण चोराला शेजारी ओळखत होता. ओवेन-स्मिथ आणि मार्गारेट जेकबसोन यांना १९९३ मध्ये गोल्डमन पारितोषिक मिळालं. देश १९९० मध्ये स्वतंत्र झाला आणि १९९६ च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरच्या लोकांना वन्यप्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क मिळाला. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी, आज ८६, देशाच्या साधारण एक पंचमांश भूभागावर.

माऱ्याशी फरक बघा. इथे जमीन सरकारचीच आहे, भाडं कुणा एकाच्या खात्यात जात नाही. हक्क मिळाला तो प्राण्यांवर, आणि तो गावाला मिळून. समिती निवडायची, सीमा शेजाऱ्यांशी बसून ठरवायच्या, दर वर्षी गणना करायची, राखणदार स्वतःच्या वहीत नोंदी ठेवतो, पैसे कशावर खर्चायचे ते सभेत ठरतं. सभा रटाळ असतात. भांडणं, हिशेबाच्या तक्रारी, समितीतल्या कुणाच्या तरी भाच्याची नोकरी, सगळं असतं.

न आवडणारी गोष्टही सांगते: उत्पन्नात ट्रॉफी शिकारीचा, म्हणजे पैसे घेऊन हौशी शिकाऱ्याला जनावर मारू देण्याचा, वाटा आहे. मांस गावात वाटलं जातं. मला ते पाहवत नाही. पण ज्या कोपऱ्यात एकही पर्यटक फिरकत नाही तिथे दुसरं उत्पन्न कुठून आणायचं, हे मला तिथल्या एका शिक्षिकेने विचारलं आणि मी विषय बदलला.

बघण्याच्या दृष्टीने मात्र माऱ्याची अपेक्षा ठेवून जाऊ नका. तासभर गाडी जाते आणि लांब शिंगांचा एक ओरिक्स दिसतो. गेंड्याचा माग काढणारे पहाटेच निघतात, ठसा सापडला की बोलावतात, मग खडकाळ उतारावरून पायी, वारा तपासत, लांबूनच बघायचं. गेंडा अस्वस्थ झाला की परत फिरायचं, फोटो मिळाला नाही तरी. गेल्या दशकातल्या लांबलेल्या दुष्काळात तिथले ओरिक्स आणि स्प्रिंगबॉक खूप घटले, वाळवंटी सिंह गुरांवर आले.

इथे नेहमी निघणारा विषय म्हणून: २०२२ च्या सप्टेंबरमध्ये कुनोला आलेले पहिले आठ चित्ते नामिबियाचेच. पण तिथले बहुतांश चित्ते राहतात ते खासगी गुरांच्या शेतांवर, अभयारण्यात नाही. चित्ता हा कुंपणाबाहेरचा प्राणी आहे हे कुनोच्या चर्चेत फार कमी येतं.

ताडोबावाली

वाळवंटी, हे वाचून बरंच डोक्यात आलं. सभा रटाळ असतात हे तर अगदी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाला, बांबूचा लिलाव गाव स्वतः करायला लागलं, ते याच जातीचं काम. पण आपल्याकडे हक्क बांबूवर, तेंदूवर, मोहावर. वाघावर गावाचा हक्क काही नाही. बफरमध्ये जिप्सी आणि गाइडची कामं गावातल्या पोरांना मिळतात, खूप घरं त्यावर उभी आहेत हे नाकारत नाही. मात्र ज्याच्या धानात रानडुकरं शिरतात तो आणि ज्याची जिप्सी आहे तो, एकच माणूस असेलच असं नाही. नारोकात निदान ज्याचं गवत जातं त्यालाच भाडं मिळतं.

उमरेड-पवनी-कऱ्हांडलाच्या कडेला गोठणगावात शेतकऱ्यांनी परवडत नसलेली शेतं एकत्र करून जंगलाला सोडायची, असा प्रयोग झालाय. माऱ्याच्या सगळ्यात जवळचं आपल्याकडचं उदाहरण तेच वाटतं. पण धान पिकवणारी पाच एकर आणि चराईची दीडशे एकर यांत फरक आहे. पाच एकर पडीक ठेवायला माणसाला रोख आणि तेही वेळेवर लागतं.

केळफूल

बाप रे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी सेरेंगेटीचा भाग दोनदा वाचायला लावला.

ठरलंय असं: नाकुरू आणि अंबोसेली वगळलं. नाबोईशोत मुक्काम, त्यातला एक दिवस नदीवर, ६५० डॉलर मोजून. क्रॉसिंग दिसलं तर दिसलं. मुलाला रात्रीच्या फेरीचं सांगितल्यापासून तो स्प्रिंगहेअर शोधत बसलाय. नाना, आता कॅम्पला नेमकं काय विचारू? आणि ‘मासाई गावाला भेट’ असं दोन्ही कागदांत आहे, ते घ्यावं का? सासूबाई शाकाहारी आहेत, ते कॅम्पने आधीच मान्य केलंय.

नैरोबीचा_नाना

कॅम्पला लिहा की एकरी भाडं किती आणि ते किती मालकांना जातं. चांगला कॅम्प आकडा देतो, कारण तो आकडा मालकांच्या सभेत सगळ्यांना माहीतच असतो. गोलमोल उत्तर आलं, "आम्ही शाळेला वह्या देतो" असं काही, तर सावध. करार किती वर्षांचा आणि कधी संपतोय हेही विचारा. तुमचा गाइड त्याच भागातला आहे का ते विचारा. कॉन्झर्व्हन्सीच्या आत कॅम्प आहे की सीमेला चिकटून नुसतं नाव वापरतोय, हे नकाशावर पडताळा. असं करणारे आहेत.

गावभेट: गेटच्या रस्त्यावरची जी ठरावीक गावं आहेत, तिथे माणशी डॉलर घेतात, उड्या मारून दाखवतात, काडीने आग पेटवतात, मग मण्यांच्या दुकानात उभं करतात. त्यातला वाटा ड्रायव्हरच्या खिशात जातो, कधीकधी मोठा. तिथल्या बायकांच्या हाती थोडंच राहतं. त्यापेक्षा कॅम्पमध्ये काम करणाऱ्याच्या घरी, त्याने बोलावलं तर, संध्याकाळी गुरं परत येण्याच्या वेळी जा. मोजणी बघा, वासरं वेगळी करताना बघा. सासूबाईंना दुधाचा चहा मिळेल, भरपूर साखरेचा. फोटो विचारून. मणी घ्यायचे तर जिने ओवले तिच्याच हातून घ्या आणि घासाघीस करू नका, मंडईत आहोत अशी सवय सुटत नाही आपली.

आणि बक्षिसी गाइडला देता तशी कॅम्पच्या मागच्या माणसांच्या डब्यातही टाका.

हिशेबनीस

पीतज्वराची लस घेतलीत का? केनियाहून भारतात परतताना प्रमाणपत्र मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते आणि तारखा लवकर भरतात. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. सासूबाईंच्या वयात ती घ्यावी का हे डॉक्टरांना आधी विचारा, साठीनंतर जोखीम तपासतात, आणि नको म्हणाले तर सूट दिल्याचं पत्र त्यांच्याकडून घ्या. केनियात शिरायची ई-परवानगीही आधीच काढावी लागते.

लेन्सवाला

आणि प्लास्टिकच्या पिशव्या सामानातून काढा, केनियात २०१७ पासून बंदी आहे. सासूबाईंचा खाऊ डब्यांत भरा.

केळफूल

लस उद्याच विचारते. खाऊचे डबे मात्र सामानाच्या वजनात बसणार का, त्या छोट्या विमानात माणशी किती किलो चालतात?

नैरोबीचा_नाना

बहुतेक १५ किलो, हातातली पिशवी धरून, आणि बॅग मऊ हवी, चाकांची कडक नको. चकली कमी, दुर्बीण जास्त.